खुनी शेवटच्या फॉर्म्यात

माझ्या पुस्तकांच्या कपाटाचं दार गेली काही वर्षं लागत नाही. दोष दाराचा नाही. पुस्तकंच बाहेर डोकावतात. शेवटी वाढदिवसाचं निमित्त साधून मुलीने माझ्या हातात एक पाटी ठेवली. काळी, गुळगुळीत, वहीपेक्षा पातळ. "बाबा, हा ई-रीडर. यात तुमचं अख्खं कपाट मावेल आणि वर जागा उरेल." बायकोने इतक्या आशेने कपाटाकडे पाहिलं, की मला धडकीच भरली.

वापरून पाहिल्याशिवाय नावं ठेवायची नाहीत, हा माझा बाणा. म्हणून एक खूनकथा उतरवून घेतली. मुलीने शास्त्र समजावलं: हा पडदा मोबाइलसारखा डोळ्यांत उजेड मारत नाही. आत अगदी बारीक कुप्या असतात, त्यांत काळे-पांढरे कण. विजेने ते खालीवर केले की अक्षर उमटतं. वीज लागते ती पान बदलताना. उमटलेलं मग तसंच राहतं. "कागदासारखंच दिसतं की नाही?" दिसत होतं. कबूल करणं फार जिवावर आलं.

अडचण डोळ्यांची नव्हतीच, अंगठ्याची होती. छापील पुस्तकात उरलेली पानं उजव्या अंगठ्याखाली असतात. खूनकथेत तर त्याला फार महत्त्व. निम्मी जाडी शिल्लक असताना माळ्याला बेड्या पडल्या, तर माळी निर्दोष आहे हे पोलिसांआधी अंगठ्याला कळतं. इथे खाली नुसतं लिहिलेलं: ३४ टक्के. चार पानं वाचली, तरी ३४ च. मला शाळेतली गणितं आठवली. एका गुणाने नापास!

दुसरं दुखणं मागे जाण्याचं. मावशी मृत्युपत्राबद्दल काहीतरी बोलली होती. कागदावर असती तर मी डोळे मिटून सांगितलं असतं: डावीकडचं पान, तळाशी, डागाच्या जरा वर. इथे ना डावं ना उजवं. शोधायची सोय आहे म्हणून 'मावशी' टाकलं, तर पुस्तकभर मावशीच मावशी. परतताना बोट कुठे लागलं कोण जाणे, अक्षरं एवढी फुगली की पानावर जेमतेम अकरा शब्द. बोट ठेवून पान राखायची माझी जुनी खोड. इथे बोट ठेवलं की ते शब्दाचा अर्थ सांगू लागतं. 'खून' म्हणजे काय, ते मला तीनदा कळलं.

४१ टक्क्यांवर पाटी खणात गेली. घरच्यांपुढे मी छोटंसं भाषणही ठोकलं. २००९ मध्ये एका बड्या कंपनीने स्वतःच विकलेली ऑर्वेलची '१९८४' लोकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकली होती. हक्कांचा घोळ होता. पैसे परत दिले, पण पुस्तक नेलं ते न विचारताच. आणि कादंबरी कुठली, तर जिच्यात नकोसे कागद भिंतीतल्या भोकात टाकून जाळतात! "माझ्या कपाटात हात घालून कोणी पुस्तक नेऊन दाखवावं," मी गरजलो.

"न्यावं की," बायको म्हणाली.

मग तीच खूनकथा छापील मागवली. २२४ पानं, घट्ट शिलाई, उघडताच शाईचा वास. पहिल्या ओळीपासून सुरू केली आणि एका बैठकीत पान २०८ गाठलं. सगळे दिवाणखान्यात जमले, इन्स्पेक्टर म्हणाला, "खुनी याच खोलीत आहे," मी पान उलटलं आणि पुढे पान १९३. हे पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्म्यांचं. फॉर्मे क्रमाने रचायचे नि शिवायचे. माझ्या प्रतीत तेराव्यावर पुन्हा तेरावाच बसलेला. चौदावा खुन्यासकट फरार. आणि ज्याच्या जिवावर मी एवढा मिरवत होतो तो अंगठा? तो शेवटपर्यंत सोळा पानांची ग्वाही देत होता.

रात्रीचे दोन. मी चोरपावलांनी खण उघडला. उमटलेलं तसंच राहतं, हे मुलीने सांगितलंच होतं. पडद्यावर राहिलं होतं ते रिकाम्या बॅटरीचं चित्र. मी दुसरा खण उपसू लागलो.

"अहो, काय शोधताय?"

"काही नाही गं. चष्मा."

"तो नाकावर आहे. चार्जर वरच्या खणात."