तुमच्या एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : माल हलका नव्हता, चार्जर बदलला होता

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री दुकान बंद करताना वाचला. सगळ्यात आधी माफी मागतो. मुलाच्या वाढदिवसाला, सगळी पोरं टीव्हीसमोर बसलेली असताना आम्ही बनवून दिलेलं जुन्या गेमचं मशीन बंद पडलं, याचं मलाही फार वाईट वाटलं. पाच दिवसांत देतो म्हणून नऊ दिवस लावले, ती चूकही माझीच. मशीनची बाहेरची पेटी, म्हणजे केस, यायला उशीर झाला होता, पण निदान फोन करून सांगायला हवं होतं. ते राहून गेलं.

आता उरलेल्याबद्दल. तुम्ही लिहिलंत, "डुप्लिकेट मेमरी कार्ड घालून हलका माल गळ्यात मारला. तिसऱ्या दिवशी मशीन मेलं. यांचा अ‍ॅडॉप्टर फक्त १५ वॅटचा, मी माझा ३३ वॅटचा चार्जर लावला तरी उपयोग नाही. मराठी माणसाचं दुकान म्हणून गेलो होतो." ते शेवटचं वाक्य माझ्या आईनेसुद्धा वाचलं. पुण्यात तपकीर गल्लीत एका गाळ्यात मी आणि माझा भाचा बसतो. आमच्याकडे येणारी निम्मी माणसं हे रिव्ह्यू बघूनच येतात. म्हणून उत्तर जरा लांबतंय, समजून घ्या.

सर, त्या ३३ वॅटमध्येच सगळं आहे. तुमच्या मशीनच्या पोटात रास्पबेरी पाय ४ आहे, तळहातावर मावेल एवढं कॉम्प्युटरचं बोर्ड. त्याला ५ व्होल्ट लागतात. आम्ही दिलेला अ‍ॅडॉप्टर कंपनीचाच, ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअरचा. त्याचेच १५ वॅट होतात. मोबाइलच्या फास्ट चार्जरवर ३३ वॅट लिहिलेलं असतं ते खोटं नसतं, पण ते बहुतेक वेळा मिळतात जास्त व्होल्टला, आणि तेही समोरच्या फोनने चार्जरशी बोलून मागून घेतले तर. पाय ४ असं काही मागत नाही. त्याला तो चार्जर साधे ५ व्होल्टच देतो, आणि ५ व्होल्टला किती अँपिअर मिळणार ते चार्जरच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं. तुम्ही मशीन परत आणलंत तेव्हा खोक्यात तुमचाच चार्जर होता. त्याच्यावर ५ व्होल्टपुढे २ अँपिअर आहे. आपण काउंटरवर दोघांनी मोबाइलचा टॉर्च लावून वाचलं होतं.

बरं, २ अँपिअरवरही एखादे वेळी निभावलं असतं. खरी अडचण वायरची. चार्जिंगची बारीक वायर असली की तिच्यातच व्होल्ट पडतात. वायरीचा रोध ०.२ ओहम धरा आणि २ अँपिअर ओढले गेले, तर ०.४ व्होल्ट वाटेतच गेले. ५ मधून ०.४ गेले, राहिले ४.६. आणि हे बोर्ड ४.६३ च्या खाली आलं की तक्रार करतं. म्हणून तर कंपनी अ‍ॅडॉप्टरला ५ ऐवजी ५.१ व्होल्ट देते आणि जाड वायर कायमची जोडूनच देते, ती वेगळी काढता येत नाही. मारिओसारख्या जुन्या गेमला बोर्डाला फार कष्ट पडत नाहीत. पण दोन रिमोट लावले, पंखा फिरतोय आणि प्लेस्टेशनचा गेम चालू केला की ते जास्त ओढतं, आणि नेमका तेव्हाच व्होल्ट पडतो.

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात वर पिवळ्या विजेची खूण दिसत होती का, असं मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "हो, मला वाटलं ते गेममधलंच आहे." सर, ती खूण म्हणजेच बोर्डाची तक्रार. मशीन स्वतःच कार्डावर नोंदी लिहून ठेवतं, ती नोंदवही भाच्याने आमच्या कॉम्प्युटरवर उघडली. व्होल्टेज कमी पडल्याची नोंद त्यात ४१ वेळा आहे. आमच्याकडे मशीन दोन दिवस चालवून तपासलं, त्या दोन दिवसांत एकदाही नाही. मी स्क्रीनचा फोटो काढून ठेवलाय, दुकानात आलात की दाखवतो.

राहिलं कार्ड. डुप्लिकेट म्हणालात ते फार लागलं. डुप्लिकेट कार्डावर ३२ जीबी लिहिलेलं असतं आणि आत जागा त्याहून कमी निघते. तुमचं कार्ड काठोकाठ भरलं आणि परत सगळं वाचून बघितलं. एक फाइल चुकली नाही. कार्ड चांगलं आहे, त्याच्यावर लिहिलेलं बिघडलं होतं. आधीच व्होल्ट डगमगत होता, त्यात कार्डावर लिहिणं चालू असताना भिंतीवरचं बटण बंद झालं, म्हणून असं होतं. हा लहानसा का होईना, पण पूर्ण कॉम्प्युटर आहे. आपल्या लहानपणीच्या कॅसेटवाल्या गेमसारखं खटकन बंद करून चालत नाही. स्टार्ट दाबायचं, क्विटमध्ये जायचं, शटडाउन करायचं आणि हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मग बटण बंद. डिलिव्हरी देताना मी हे तीनदा सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा फोनवर होतात, पण वहिनी ऐकत होत्या. त्यांनीच मला नंतर सांगितलं की आमच्या अ‍ॅडॉप्टरची वायर टीव्हीमागच्या पॉइंटपर्यंत पुरत नव्हती, म्हणून चार्जर बदलला. त्यांचा रोख मला दोष द्यायचा नव्हता. पण सर, तेव्हा एक फोन केला असतात तर मी त्याच संध्याकाळी एक्स्टेंशन बोर्ड घेऊन आलो असतो. तुमची सोसायटी माझ्या घराच्या वाटेवरच आहे.

किमतीबद्दल थोडक्यात सांगतो. बोर्ड, अ‍ॅडॉप्टर, केस, पंखा, कार्ड आणि दोन रिमोट, प्रत्येकाची ओळ बिलात वेगळी आहे, आणि मजुरी बाराशे. "फुकटच्या सॉफ्टवेअरचे पैसे घेतले" असं तुम्ही म्हणता, पण बिलात सॉफ्टवेअरची ओळच नाही. जुने गेम चालवणारं रेट्रोपाय हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि ते विकायचं नसतं, त्यातल्या काही इम्युलेटरच्या, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या, परवान्यात तसं स्पष्ट लिहिलंय. म्हणूनच आम्ही दहा हजार गेम भरून देत नाही. तसे देणारे आहेत, ते गेम त्यांच्या मालकीचे नसतात. तुमचे गेम तुम्ही पेनड्राइव्हवरून टाकलेत. बदकं मारायच्या जुन्या गेमची बंदूक का दिली नाही, असंही लिहिलंत. ती जुनी बंदूक पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरच चालते, एलईडीवर नेम लागत नाही, हे भाच्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

यूट्यूबवर बघून कोणीही वीस मिनिटांत करतं, हे तुमचं म्हणणं मात्र खरं आहे. कार्डावर सॉफ्टवेअर चढवायला तेवढाच वेळ लागतो. पण तुमच्या टीव्हीवर चित्राच्या कडा कापल्या जात होत्या, त्या बसवायला मी तुमच्या घरी येऊन दीड तास बसलो होतो. त्याचे पैसे लावले नाहीत. ऑर्डर द्यायला आलात त्या संध्याकाळी तुम्ही काउंटरला टेकून सांगत होतात, की सुट्टीत गल्लीतल्या दुकानात तासावर पैसे देऊन तुम्ही आणि तुमचा भाऊ कॉन्ट्रा खेळायचात आणि कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायचात. शटर अर्धं खाली ओढलेलं होतं, तरी मी ऐकत उभा होतो, कारण मीही तेच केलंय. हा धंदा मी त्याच प्रेमापोटी सुरू केला. ज्या माणसाशी असं बोललो त्याला हलका माल देईन, असं तुम्हाला वाटलं, ते मनातून जात नाही.

आता काय करतोय ते. तपासणीचे आणि नवीन कार्डाचे पैसे घेणार नाही. नवीन कार्ड टाकलंय, जुनंही खोक्यात ठेवलंय. सोबत सहा फुटांचा एक्स्टेंशन बोर्ड देतोय. बंद कसं करायचं ते यापुढे मराठीत छापून केसवरच चिकटवायचा विचार आहे, आणि मशीन बंद करायला बाहेरून बटण बसवता येतं, तेही जमेल तसं सुरू करू. उशीर होणार असेल तर फोन करायचं काम भाच्याकडे दिलंय.

मशीन तयार आहे. संध्याकाळी साडेआठपर्यंत कधीही या. येताना आमचा अ‍ॅडॉप्टर तेवढा घेऊन या, तो तुमच्याच घरी राहिलाय. तुमच्या मुलाने जिथपर्यंत गेम आणले होते ते सगळं जुन्या कार्डावरून भाच्याने वाचवलंय. नव्या कार्डावर टाकून चालवूनही बघितलं. तो जिथे थांबला होता तिथूनच सुरू होईल, एवढं त्याला सांगा.