तिकडे असं नसतं म्हणे

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा पुन्हा चेकवरून जुंपली. एका काकांनी सोमवारी भरलेला चेक गुरुवारपर्यंत जमा झाला नव्हता. त्यामुळे शिल्लक घसरली आणि बँकेने मिनिमम बॅलन्सचा दंड कापला, वर १८ टक्के जीएसटी. शेवटी काकांनी निकाल दिला, "अमेरिकेत असलं खपवून घेत नाहीत," आणि साक्षीला मला टॅग केलं.

काका, खपवून घेतात हो. मी न्यू जर्सीत अजून दर महिन्याला घरभाड्याचा चेक लिहितो, पाकिटात घालतो, स्टॅम्प चिकटवतो. २०११ साली पगाराचा पहिला चेक भरला, तर खातं नवीन म्हणून तो नऊ दिवस अडकवून ठेवला. तेवढे दिवस रूममेटच्या तांदळावर काढले. खात्यात दीड हजार डॉलर नसले की महिन्याचे बारा डॉलर गेलेच. एकदा विजेच्या बिलाला चार डॉलर कमी पडले, तर दंड पस्तीस!

तुमच्याकडे निदान रिझर्व्ह बँक हलते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेकचे गठ्ठे साठवून पाठवणं बंद झालं. आता सकाळी नऊ ते दुपारी तीन आलेला चेक स्कॅन करून लगेच पुढे जातो आणि समोरच्या बँकेला संध्याकाळी सातपर्यंत हो-नाही कळवावं लागतं. सुरुवातीला गोंधळ झाला, मान्य. पण दंडाचा एवढा राग असेल तर स्टेट बँकेत जा ना, त्यांनी तो २०२० मध्येच सोडला. तिथल्या रांगेत उभं राहायचं नाही, ही काकांची खरी अडचण.

(इथे चेकचा फोटो काढला की घरबसल्या भरता येतो, हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. उगाच त्यांच्या हातात कोलीत कशाला द्या?)

आणखी एक लिहिलं नाही. डिसेंबरात पुण्यात आलो तेव्हा मेंटेनन्सचा चेक मीही दिला होता. तो परत आला. कारण : सही जुळत नाही. ते खातं बाबांनी लक्ष्मी रस्त्यावरच्या शाखेत उघडून दिलं, तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. तिथली सही देवनागरीत आहे, आडनावातल्या ळ-ची शेपटी पार खाली ओढलेली. इथे चौदा वर्षं इंग्रजीत गिरगटल्यावर तो ळ हातातून गेला.

शाखेत गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. "सर, ही तुमचीच ना?" मी हो म्हणालो, जरा चाचरतच.

"मग नवी नोंदवून टाका. फॉर्मवर इथे आधी जुनी करा."

तीन फॉर्म वाया गेले. चौथा त्यांनी दिला नाही, घरी सराव करून या म्हणाल्या. आता ऑफिसच्या मीटिंगमध्ये वहीच्या कडेला ळ काढत बसतो.