मेंब्रेन आहे ना!

आरओ, म्हणजे मेंब्रेन नावाच्या अतिसूक्ष्म चाळणीतून पाणी दाबून शुद्ध करणारं यंत्र, बसवायचं ठरवलंत, उत्तम. आता एखादा शहाणा येईल आणि आधी पाण्याची तपासणी करून आणा म्हणेल. त्याच्या नादी लागू नका. ग्लासात पाणी घ्या, उजेडाकडे धरा, आरपार दिसलं की झाली तपासणी. जमिनीखालच्या पाण्यात विरघळलेलं लोहसुद्धा असंच नितळ दिसतं आणि हवा लागली की तांबूस होऊन खाली बसतं. पण बसेल बापडं जिथे बसायचं तिथे. तुम्ही कशाला काळजी करता? आत मेंब्रेन आहे ना!

मग तो यादी काढेल: वाळूचा फिल्टर, क्लोरीन काढणारा कार्बन, पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर, अँटिस्केलंटचा (क्षार बसू न देणाऱ्या रसायनाचा) डोसिंग पंप आणि शेवटी बारीक गाळ धरणारं ५ मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कार्ट्रिज. म्हणजे यंत्र हातभर आणि त्याच्या आधीचा लवाजमा भिंतभर. नाकापेक्षा मोती जड! त्याला एकच प्रश्न विचारा: जे मेंब्रेन पाण्यात विरघळलेलं मीठ अडवतं, त्याला चिमूटभर गाळ अडवता येणार नाही? येतो की, छान अडवता येतो. फक्त अडवलेला गाळ मग जातो कुठे, हा पुढचा प्रश्न त्याला विचारू देऊ नका. गुंडाळलेल्या मेंब्रेनच्या थरांमध्ये पाणी जायला एक मिलिमीटरचीही फट नसते, हे तो सांगू बघेल. एसडीआय नावाची चाचणीही काढेल. ०.४५ मायक्रॉनच्या चकतीतून पाणी सोडायचं, १५ मिनिटांत ती किती तुंबते ते पाहायचं आणि आकडा ५ च्या वर गेला तर ते पाणी मेंब्रेनला द्यायचं नाही. पंधरा मिनिटं! एवढा वेळ असता तर आपण वाळूच्या फिल्टरमधून उलटं पाणी सोडून त्याचा बॅकवॉश नसता घेतला?

खरी मौज क्लोरीनची. नळाच्या पाण्यातले जंतू मरावेत म्हणून ते घालतात, आणि हल्लीच्या पॉलिअमाइड मेंब्रेनचं त्याच्याशी हाडवैर. (जुनी सेल्युलोज ॲसिटेटची मेंब्रेन १ पीपीएमपर्यंत, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, क्लोरीन मुकाट सोसायची. ती पिढीच वेगळी.) ०.१ पीपीएमच्या वर जाऊ देऊ नका, असं बनवणारे बजावतात. १ पीपीएम सतत लागलं तर २०० ते १००० तासांत मेंब्रेन ढासळायला लागतं, हेही तेच सांगतात. यातला मोठा आकडा तेवढा लक्षात ठेवा. १००० तास म्हणजे जवळजवळ दीड महिना, बक्कळ झाला. कार्बन बदलायच्या भानगडीत पडू नका. तो पहिल्या दिवशी काळा होता, संपल्यावरही काळाच राहणार. मग बदलून दिसणार काय? क्लोरीनने खाल्लेलं मेंब्रेन पुढे पुढे जास्त पाणी देऊ लागतं. सोबत मीठही येतं, पण आपण पाणी मोजावं. शिवाय हे नुकसान कशानेही धुऊन निघत नाही, त्यामुळे धुण्याचा खर्च वाचला. आणि कार्बनच्या पुढे जंतू वाढतात असं ऐकून तुम्ही कार्बननंतर पुन्हा थोडं क्लोरीन सोडलंत, तर तुम्ही माझे खरे शिष्य.

आता रिजेक्टचा, म्हणजे अडवलेले क्षार घेऊन बाहेर जाणाऱ्या पाण्याचा, व्हॉल्व्ह. पाणी वाया जाताना बघवत नाही ना? मग आवळा. १०० लिटरमधून ७५ लिटर शुद्ध काढलंत तर उरलेल्या २५ लिटरांत क्षार जवळपास चौपट होतात. ९० काढलंत तर दहापट. तेवढ्या दाटीवाटीत कॅल्शियम आणि कार्बोनेटचं जमतं आणि दोघं शेवटच्या मेंब्रेनमध्ये बिऱ्हाड थाटतात, कारण सगळ्यात खारं पाणी तिथेच पोचतं. सॉफ्टनर असलाच तर तो ज्याने पुन्हा ताजा होतो ते मीठ त्यात घालायचं विसरा. अँटिस्केलंटचा पंप टकटक करतोय ना? मग डबा भरलेला आहे की रिकामा, हे उघडून बघणं म्हणजे पंपावर अविश्वास दाखवणं झालं.

देखरेखीला टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, दाखवणारं मीटर पुरे. ते पाण्यातून वीज किती वाहते यावरून आकडा सांगतं. गाळ, क्लोरीन, जंतू यांच्याविषयी चकार शब्द काढत नाही. इतकं समजूतदार उपकरण दुसरं नाही. कार्ट्रिजच्या आधीचा आणि नंतरचा दाब लिहायची वही मात्र कोरीच ठेवा. पुढेमागे भांडण झालं तर कोरी वही कुणाच्याच विरुद्ध साक्ष देत नाही.

मग एके दिवशी पाणी थेंब थेंब येईल. आधी मेंब्रेन बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडा. मग ते बाहेर काढा. दोन्ही हात लावावे लागतील, कारण आत क्षार बसले की ते नव्यापेक्षा चांगलंच जड भरतं. तो शहाणा पुन्हा दारात येईल, निदान आता तरी आधीचे फिल्टर लावा म्हणेल. त्याला सांगा, बैल गेल्यावर झोपा करणाऱ्यांतले आम्ही नव्हे, आम्ही नवा बैल आणतो. नव्या मेंब्रेनसोबत ५ मायक्रॉनचं एक कार्ट्रिज फुकट मिळालं तर ते कपाटात ठेवा, आधीच्या तिघांशेजारी.