लाईट आल्यावर मोटर लगेच उठत नाही म्हणून एक स्टार: दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. मोबाईल स्टार्टरला (मिसकॉलवर विहिरीची मोटर चालू-बंद करणारी पेटी) एक स्टार आणि तक्रारी तीन: लाईट आली तरी मोटर लगेच उठत नाही, उठली तरी मधीच आपोआप बंद पडते, आणि दुकानदार नुसतं सिम बदला म्हणतो. वर असंही लिहिलंय की यापेक्षा जुना ऑटो स्विच बरा, लाईट आली की खटकन मोटर चालू. ह्या ऑटो स्विचवरच मला जास्त बोलायचंय, कारण तासगाव साईडची बरीच मंडळी दुकानात येऊन हेच म्हणतात.

लाईट आल्यावर मोटर उठायला पेटीत जो वेळ लावून दिलाय तो मुद्दाम लावलाय. तुमच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, वीसेक मोटरी आहेत, बहुतेक पाच एचपीच्या. चालू मोटर तीन फेजपैकी प्रत्येक फेजला सात-आठ अँपिअर ओढते पण उठताना त्याच्या सहापट, म्हणजे ४०-४५, आणि १०० केव्हीएच्या डीपीला फेजला साधारण १३३ अँपिअरच झेपतात, मग रात्री लाईट आली आणि सगळ्यांचे ऑटो स्विच एकदम लागले तर काय होणार तुम्हीच हिशोब घाला. फ्यूज उडणार, नाहीतर डीपीच जळणार, आणि नवी डीपी येईपर्यंत सगळी पाईपलाईन कोरडी. महावितरणवाले परत परत सांगतात की ऑटो स्विच काढा आणि डीपीवरचा लोड कमी करणारा कपॅसिटर बसवा, ते उगीच नाही. म्हणून आम्ही एका डीपीवरच्या पेट्यांना वेगवेगळा वेळ लावतो, तुमची सहा मिनिटं, शेजाऱ्यांची तीन (त्यांची आधी का असं विचारू नका, त्यांनी पेटी आधी घेतली). वेळ शून्य करून द्या म्हणत असाल तर ते माझ्याकडं होणार नाही.

मधीच बंद पडायचं म्हणाल तर आमचा पोरगा येऊन बघून गेला तेव्हा तुमचे थोरले बंधू तिथंच होते. सुरुवातीला अँपिअर बरोबर दाखवत होतं, थोड्या वेळानं धाडकन खाली आलं आणि पेटीनं मोटर बंद केली. ह्याला ड्रायरन म्हणतात, पाणी संपलं की मोटरीवरचा लोड जातो, अँपिअर उतरतं, पेटीला कळतं. मोटर सबमर्सिबल, ती पाण्यानंच गार राहते, कोरडी फिरली तर वायंडिंग (आतली गुंडाळलेली तार) जळलंच, मग मोटर वर काढा, भरायला सांगलीला न्या, त्यात द्राक्षाला नेमकं पाणी द्यायची वेळ. एप्रिल-मे मध्ये विहिरीचा झरा कमी येतो त्याला पेटी काय करणार? एक फेज गेली तरी ती अशीच बंद करते, जुना ऑटो स्विच एकटा असला तर ह्यातलं काहीच बघत नाही.

सिमचं. सिम मी विकतच नाही, त्यामुळं बदला म्हणण्यात माझा काही फायदा नाही. तुम्ही फोरजीची पेटी महाग पडते म्हणून टूजीची घेतली, बिलावर तसं लिहिलंय, आणि मग घरात पडलेलं जिओचं सिम घातलं. जिओला टूजी नेटवर्कच नाही ओ, पेटीला रेंज येणार कुठनं? टूजी चालणाऱ्या दुसऱ्या कंपनीचं सिम घाला आणि रिचार्ज संपू देऊ नका, इनकमिंग बंद झालं की तुमचा मिसकॉल पेटीपर्यंत पोचतच नाही.

बाकी ही पेटी घ्यायची कशासाठी ते तुम्हीच पहिल्या दिवशी बोलला होता, रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन उसातनं विहिरीवर जायला नको. शिराळा-कराडकडं उसात बिबट्या, आपल्याकडं साप. सरकारच्या सौर वाहिनी योजनेमुळं (शेतीला सौर वीज) सगळीकडं दिवसाची लाईट मिळायला लागली तर माझा हा धंदा निम्मा होईल, होऊ दे, त्याचं मला वाईट वाटणार नाही.

सिम आणलं की पेटी काढून दुकानात घेऊन या किंवा व्हॉट्सअॅपला व्हॉइस मेसेज टाका, दुपारी मी कुणाच्या तरी विहिरीवर असतो, फोन उचलला जात नाही. नंबर रजिस्टर करून देतो, तुमचा आणि थोरल्या बंधूंचा दोन्ही, त्याचे पैसे नाहीत. स्टार किती ठेवायचे ते त्यानंतर तुम्ही ठरवा.