घाबरवतो म्हणे!

‘काका, नाकावरची पुळी फोडून कोणी मरत नाही, उगाच घाबरवू नका. साध्या सीटी स्कॅनमध्ये ही गुठळी दिसेलच असं नाही. आणि रक्त पातळ करण्याच्या इंजेक्शनवर डॉक्टरांचंच एकमत नाही.’ नाकावरची पुळी फोडल्याने मेंदूच्या तळाशी रक्ताची गुठळी होऊ शकते, या माझ्या मागच्या लेखावर एका टोपणनावाने आलेली ही प्रतिक्रिया.

सीटीचं मान्य. कॉन्ट्रास्ट (शिरा उठून दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध) देऊन शिरांचा सीटी किंवा एमआर व्हेनोग्राम, म्हणजे शिरांचा एमआरआय, असं लिहायला हवं होतं. दुरुस्ती केली आहे.

पण ‘काका’ कशाला? वय ४६ आहे माझं. नातं जोडायचं आणि त्याच दमात अक्कल काढायची, ही कुठली रीत?

आणि घाबरवतो म्हणजे काय हो? ओठांचे दोन कोपरे आणि नाकाचं मूळ, या त्रिकोणातला जंतुसंसर्ग डोळ्यामागच्या शिरांतून मेंदूच्या तळाशी, कॅव्हर्नस सायनस नावाच्या रक्ताच्या पोकळीत पोचू शकतो आणि तिथे गुठळी होऊ शकते. हे शरीरशास्त्र आहे, मी शनिवार पेठेत बसून रचलेलं नाही. अँटिबायोटिक्स येण्यापूर्वी यातून सहसा कोणी वाचत नसे. ‘फार क्वचित होतो’ हेही लेखात दुसऱ्याच परिच्छेदात आहे. तिथवर वाचलंत का?

२००९ साली, ऐन गणपतीत, माझ्या धाकट्या भावाने नाकाच्या शेंड्यावरची पुळी नखाने फोडली. तिसऱ्या दिवशी थंडी-ताप, ठणकणारं डोकं, उजवी पापणी टम्म. डोळे आलेत म्हणून आम्ही थेंब घालत बसलो! मग उजवा डोळा बाहेरच्या बाजूला वळेना. (डोळा बाहेर वळवणारी नस त्या सायनसच्या आतूनच जाते, म्हणून ती आधी सापडते. हे नंतर कळलं.) दुसऱ्या दिवशी डावाही सुजला. नेमकी अनंत चतुर्दशी, लक्ष्मी रस्ता बंद. ढोलांच्या गर्दीतून त्याला धरून चालवत नेला. डॉक्टरांनी कल्चरसाठी (कोणता जंतू आहे ते पाहायला) रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता व्हँकोमायसिन आणि सेफ्ट्रायॅक्सोन ही अँटिबायोटिक्स चालू केली. कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू निघाला. पुढे २४ दिवस सलाइनमधून औषधं. आजही उजवीकडे पाहिलं की त्याला एकाचे दोन दिसतात. त्याला येऊन सांगा, उगाच घाबरू नकोस म्हणून.

राहता राहिलं रक्त पातळ करण्याचं. भावाला हेपारिन दिलं होतं, तो बरा झाला. त्या वादात मला पडायचं नाही.

यापुढे टोपणनावाच्या प्रतिक्रिया मी छापणार नाही.