केळी, शिसं आणि मंगळाच्या वारीचा डोस

"सुनीता विल्यम्स नऊ महिने अंतराळात राहून धडधाकट परतल्या. किरणोत्सर्ग तर आपल्या केळ्यातही असतो. यानाला शिशाचं अस्तर लावा अन् खुशाल मंगळावर जा." जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर हा मजकूर जोरात फिरतोय. तिन्ही वाक्यांत थोडं थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटकन गळी उतरतो.

"नऊ महिन्यांत काही झालं नाही"

त्या २८६ दिवस राहिल्या, पण जमिनीपासून जेमतेम ४०० किलोमीटरवर. तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचं संरक्षण असतं, आणि खालच्या बाजूने येणारे कण खुद्द पृथ्वीच अडवते. तरी दिवसाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिसीव्हर्ट (किरणोत्सर्गाचा शरीरावरचा परिणाम मोजायचं एकक) डोस बसतोच. मंगळाच्या वाटेवर असं कुठलंच संरक्षण नाही. नासाच्या मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी गाडीवरच्या, किरणोत्सर्ग मोजणाऱ्या 'रॅड' उपकरणाने २०११-१२ च्या प्रवासात मोजलेला डोस होता दिवसाला १.८४ मिलिसीव्हर्ट, मंगळाच्या जमिनीवर ०.६४. जायला १८० दिवस, यायला १८०, त्याचे झाले ६६२ मिलिसीव्हर्ट. तिथला मुक्काम ५०० दिवसांचा, त्याचे ३२०. बेरीज हजाराच्या घरात. नासाची अंतराळवीराच्या अख्ख्या कारकिर्दीची मर्यादा आहे ६००. नुसत्या ये-जा करण्यातच ती ओलांडली जाते.

आणि परतलेला माणूस चालता-बोलता दिसला म्हणजे धोका टळला, असंही नाही. कॅन्सरची वाढलेली शक्यता कित्येक वर्षांनी उघड होते.

"केळ्यातही असतो"

असतो. रावेर-यावलची कांदेबाग असो की मृगबाग, केळ्यात पोटॅशियम-४० हा पोटॅशियमचा किरणोत्सर्गी प्रकार असतोच. एका केळ्याचा डोस साधारण ०.०००१ मिलिसीव्हर्ट धरतात. मंगळाच्या वाटेवरच्या एका दिवसाची बरोबरी करायला १८,४०० केळी लागतील. घडाला दीडशे फळं धरली तर रोज सव्वाशेच्या आसपास घड! शिवाय जादा पोटॅशियम शरीर लघवीवाटे बाहेर टाकतं, डोस साचत जात नाही.

खरी गोम कणांच्या जातीत आहे. पोटॅशियममधून बीटा आणि गॅमा किरण निघतात. अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांत बहुतांश प्रोटॉन, थोडे हेलियम आणि सुमारे एक टक्का जड अणूंची केंद्रकं असतात, अगदी लोखंडाचीसुद्धा. असं केंद्रक पेशीतून जाताना डीएनएचे दोन्ही धागे एकमेकांच्या अगदी जवळ तोडतं, आणि तशी जखम नीट सांधली जात नाही. म्हणून शोषलेली ऊर्जा ग्रेमध्ये मोजून तिला गुणवत्ता गुणांकाने गुणतात. 'रॅड'च्या प्रवासातल्या नोंदीत ०.४८१ मिलिग्रे गुणिले ३.८२, असे ते १.८४ आले. अनिश्चितता याच गुणांकात जास्त आहे. माणसांवरची मुख्य आकडेवारी हिरोशिमा-नागासाकीची, म्हणजे प्रामुख्याने गॅमा किरणांची. जड केंद्रकांसाठी पेशी आणि उंदरांवरच्या प्रयोगांवर भिस्त ठेवावी लागते.

"शिशाचं अस्तर लावा"

एक्स-रेच्या खोलीत शिसं चालतं. प्रचंड वेगाचं केंद्रक शिशाच्या जड अणूवर आदळलं की न्यूट्रॉन आणि इतर दुय्यम कणांचा फवारा उडतो, तोही थेट आतल्या माणसावर. त्यापेक्षा हायड्रोजन जास्त असलेले पदार्थ बरे: पाणी, पॉलिथिलीन. तुलना जाडीची नसते, दर चौरस सेंटिमीटरमागच्या वजनाची असते. २० ग्रॅम म्हणजे पाण्याचा २० सेंटिमीटर थर, तर ॲल्युमिनियमचा साडेसातहून किंचित कमी. वैश्विक किरणांपुढे ॲल्युमिनियमचा थर आणखी वाढवला तरी फायदा फारसा वाढत नाही, यान मात्र जड होतं.

सौर वादळाचं वेगळं. त्यातले प्रोटॉन कमी ऊर्जेचे, भिंतीने बरेच अडतात. ऑगस्ट १९७२ चं मोठं वादळ अपोलो १६ आणि १७ या चांद्रमोहिमांच्या मधोमध आलं, म्हणून निभावलं. नासाच्या ओरायन यानात अशा वेळी अंतराळवीरांनी सामानाच्या पिशव्या भोवती रचून मधल्या जागेत दडी मारायची, अशी योजना आहे.

आणि उलटा फॉरवर्ड

"मंगळावर पोहोचायच्या आतच मरतील" हाही फिरतो. तोही चूक. तीव्र किरणोत्सर्ग आजार होतो तो काही तासांत ग्रेच्या पातळीचा डोस बसला तर. जवळपास अडीच वर्षांत विभागून मिळालेल्या एका सीव्हर्टने (हजार मिलिसीव्हर्ट) कॅन्सरने मरण्याची आयुष्यभराची शक्यता ढोबळमानाने शंभरात पाचने वाढते.