मत त्यांचे, चर्चा आपलीच

अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक आली की आपल्या वाहिन्यांवर दर चार वर्षांनी तोच प्रश्न चघळला जातो: भारतासाठी कोणता उमेदवार चांगला? २०२४ मध्ये कमला हॅरिस यांच्या आजोबांच्या तमिळनाडूतल्या तुळसेंद्रपुरम गावातील पूजेची दृश्ये दाखवायला भरपूर वेळ होता. पण किराणा आणि घरभाडे परवडत नाही म्हणून पेनसिल्व्हेनियातला मतदार का चिडला आहे, हे समजावून सांगायला नव्हता. त्याहून संताप येतो तो देशभरातल्या पाठिंब्याच्या टक्केवारीचा एकच आकडा नाचवला जातो तेव्हा. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन २८ लाखांहून अधिक मतांनी पुढे असूनही हरल्या, कारण तिथे जिंकायला राज्यांना वाटून दिलेल्या ५३८ निर्वाचक मतांपैकी (म्हणजे अध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींच्या मतांपैकी) २७० लागतात आणि बहुतेक राज्यांत पहिल्या आलेल्या उमेदवाराला त्या राज्याची मते सगळीच्या सगळी मिळतात, एवढे तरी सांगा! न्यू जर्सीत राहणारी माझी मावसबहीण तिथली मतदार आहे. शाळेत गोळीबार झाला तर बाकाखाली कसे लपायचे, याचा सराव तिची मुले करतात आणि त्यावरून तिचे मत ठरते; इथले नातेवाईक मात्र फोनवर तिला फक्त ‘एच-वन-बी’ या नोकरीच्या व्हिसाचे काय होणार, एवढेच विचारतात.